बर्फाखालचा फ्लॅश

१

सोमवार म्हणजे मेर्वीचा बुडवण्याचा दिवस. आठवडाभरात दुरुस्त केलेल्या कॅमेऱ्यांच्या पेट्या ती सोमवारी सकाळी एकेक करून मागच्या खोलीतल्या हौदात सोडायची. आत कॅमेरा नसायचा, फक्त टिपकागदाची एक घडी. अर्धा तास पेटी पाण्याखाली ठेवायची, वर काढून पुसायची, उघडायची आणि टिपकागद गालाला लावून बघायचा. बोटांना न कळणारा ओलावा गालाला कळतो. कागद कोरडा असला की चिठ्ठीवर सही. ओला असला की पुन्हा सगळं खोलायचं, रबराची ओ-रिंग काढायची आणि तिच्यावर काय अडकलंय ते भिंगातून शोधायचं. बहुतेक वेळा केस निघायचा. तोही गिऱ्हाइकाच्या दाढीचा.

ती स्वतः सहा वर्षांत पाण्याखाली गेली नव्हती. डाव्या कानाचा पडदा फाटला, डॉक्टरांनी बंदी घातली आणि मेर्वी हापाला बाकीच्या पाणबुड्यांची मेकॅनिक झाली. दक्षिण फिनलंडमधले निम्मे फोटोवाले पाणबुडे तिच्याकडे यायचे. ती ‘चालेल’ म्हणाली की चालायचं.

त्या सोमवारी साडेदहाला हेली आली. मेर्वीची धाकटी बहीण, शाळेत व्यायाम शिकवायची. शाळांना सुट्टी होती. लोकरी टोपीवरचा बर्फ न झटकताच ती आत शिरली आणि तिने पाण्याखालचा मोठा फ्लॅश टेबलावर ठेवला.

“हा घे तुझा लाडका. याला वेड लागलंय.”

“आदळू नकोस. काय झालंय?”

“आपला आपण उडतो. मी बटण दाबत नाही आणि हा मात्र उडतो. काल नऊ-दहा वेळा तरी.”

“काल सगळीकडेच?”

“नाही. फक्त तिसऱ्या दालनात.”

वुओरेलाची जुनी चुन्याची खाण. पंप बंद झाले तेव्हा ती पाण्याने भरली, वर तळं साचलं. आत एकामागून एक पांढरी दालनं, छत पेलायला सोडलेले दगडाचे जाड खांब. हेली आणि तिच्यासोबत बुडी मारणारा इल्पो दोन वर्षं तिथे उतरत होते. एप्रिलमध्ये गावच्या वाचनालयात हेलीच्या फोटोंचं प्रदर्शन होतं, तिचं पहिलंच. वीस फोटो हवे होते. अकरा झाले होते.

मेर्वीने फ्लॅश उचलून त्याच्या कपाळावरची वाटाण्याएवढी काच तिला दाखवली. “हा त्याचा डोळा. तुझ्या कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश उडतो, तो उजेड केबलमधून या डोळ्यापर्यंत येतो, मग हा उडतो. पण डोळा उघडा असला तर त्याला दुसऱ्या कुणाचाही फ्लॅश दिसतो. दिसला की हा उडतो. समुद्रात चार फोटोवाले एकत्र उतरले की हा गोंधळ नेहमीचाच. इल्पोने कॅमेरा नेला होता का?”

“इल्पो? तो स्वतःच्या नातवाचा फोटो काढत नाही. साधी टॉर्च होती त्याच्याकडे.”

“बरं, ठेवून जा. गुरुवारी देते.”

हेली गेल्यावर मेर्वीने बॅटरी तपासली. पूर्ण रिकामी. हेलीने काल फोटो काढले होते बेचाळीस. त्यात आपोआप उडालेले नऊ-दहा धरले तरी बावन्न झाले. ही बॅटरी दोनशे वेळा फ्लॅश उडवते. बॅटरी जुनी झाली असेल म्हणून तिने ती भरली आणि कामाच्या बाकावर फ्लॅश मोजून उडवला. दोनशे चार वेळा उडाला.

उरलेले दीडशे फ्लॅश हेलीने पाहिलेच नव्हते. पाण्याखालच्या काळोखात फ्लॅश न दिसणं म्हणजे तोंडावर थप्पड बसून न कळण्यासारखं.

२

मंगळवारी आणि बुधवारी तिने त्या फ्लॅशला काय काय केलं नाही! हौदात बर्फाचे तुकडे टाकून गारठवला. हलवला, ठोकला, उलटा टांगला. केबलची दोन्ही टोकं स्पिरिटने पुसली. शेवटी फ्लॅश घेऊन ती बिनखिडकीच्या कोठारात जाऊन बसली, दाराखालच्या फटीत सतरंजी कोंबली आणि तासभर काळोखात वाट बघत राहिली. फ्लॅश मांडीवर होता. त्याच्या आत भरलेल्या विजेची किरर्र अशी बारीक शीळ तेवढी ऐकू येत होती.

तो उडाला नाही. मग तिने दुसऱ्या एका फ्लॅशने त्याच्याकडे चमकवलं. लगेच उडाला, आज्ञाधारक पोरासारखा. डोळ्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि पुन्हा चमकवलं. नाही उडाला.

म्हणजे फ्लॅश ठणठणीत होता. दुसरी चमक दिसली की उडत होता. आणि चमक दिसल्याशिवाय उडत नव्हता, हे मेर्वीला बाकीच्या गोष्टींपेक्षा जास्त टोचलं.

बुधवारी दुपारी इल्पो ग्रीसची नळी घ्यायला आला. पासष्टीचा, निवृत्त प्लंबर, वाक्याला पैसे पडत असल्यासारखा बोलायचा. मेर्वीने त्याला कॉफी दिली आणि दालचिनीचा पाव पुढे केला.

“रविवारी तिसऱ्या दालनात तुला फ्लॅश दिसले?”

“दिसले की.”

“हेलीचे.”

“हेलीचेही.”

मेर्वीने कप खाली ठेवला. “हेलीचेही म्हणजे काय, इल्पो?”

त्याने पाव कॉफीत बुडवला, खाल्ला, बोटं चाटली. “आधी एक बारीक चमक यायची. खांबांच्या पलीकडून. मग हेलीचा मोठा. मला वाटलं, तुमचे फ्लॅश दोनदा उडतात. मी नळ जोडणारा माणूस, बाई. मला काय कळतं त्यातलं?”

“दर वेळी आधी?”

“दर वेळी.”

“खाणीत आणखी कुणी उतरतं का? दुसरा रस्ता आहे?”

“बर्फाला माणूस उतरेल असं भोक एकच. आमचं.” त्याने पावाचा आणखी एक तुकडा मोडला. “आणि काही गोष्ट असेल अशी आशा धरून बसू नकोस. कुणी मेलं नाही तिथे. चुना काढत होते. चुना संपला, गेले.”

गुरुवारी फ्लॅश परत देताना मेर्वीने त्याच्या डोळ्याभोवती काळी पट्टी गुंडाळली होती, फक्त केबलचं टोक आत जाईल एवढी जागा ठेवून. “आता याला तुझ्या कॅमेऱ्याशिवाय काही दिसणार नाही. तरी उडाला, तर नवीन घेऊन देईन.”

“लिहून दे,” हेली म्हणाली.

३

फ्लॅश आपला आपण एकदाही उडाला नाही. शनिवारी दुपारी हेलीचा फोन आला तेव्हा ती गातच बोलत होती. “बाई, तू देवमाणूस आहेस. एकशे दहा फोटो! उद्या घेऊन येते.”

रविवारी दोघी मेर्वीच्या पडद्यापुढे बसल्या. तिसऱ्या दालनात एक लाकडी शिडी खांबाला टेकून उभी होती, कुणीतरी जेवायला म्हणून खाली उतरून आता येईल तशी. हेलीने तिचे ओळीने तीस फोटो काढले होते. सुरेख होते. पाणी काचेसारखं, लाकडाची रेषान् रेषा दिसत होती.

“थांब,” मेर्वी म्हणाली. “मागे जा.”

“काय?”

“फ्लॅश कुठल्या बाजूला धरला होतास?”

“डावीकडे. नेहमीसारखा.”

शिडीची सावली उजवीकडे पांढऱ्या भिंतीवर पडली होती. बरोबर. पण शिडीची आणखी एक सावली होती, जमिनीवर, हेलीच्या दिशेने येणारी. फिकट, पण कडा स्वच्छ. म्हणजे उजेड समोरून आला होता. शिडीच्या पलीकडून, खांबाआडून.

“भिंत पांढरी आहे गं. उजेड आपटून परत येतो,” हेली म्हणाली.

“आपटून आलेल्या उजेडाची सावली भुरकट असते. हिला कडा आहेत.”

मेर्वी एकेक फोटो पुढे नेत गेली. दूरच्या दिव्याने शिडीच्या पायऱ्यांची सावली पडली तर रेघा सरळ एकमेकींना धरून जातात. दिवा जवळ आला की त्या पंख्यासारख्या पसरतात. पहिल्या फोटोत रेघा सरळ होत्या. दहाव्यात किंचित फाकल्या होत्या. तिसाव्यात पूर्ण पंखा उघडला होता, आणि त्याचं टोक हेलीच्या पायातल्या वल्ह्यांपर्यंत पोचलं होतं.

आपण फ्लॅशचा डोळा बांधला, मेर्वीच्या मनात आलं. त्याआधी ते चमकायचं आणि आपला फ्लॅश त्याला उत्तर द्यायचा. आता आपला फ्लॅश त्याच्याकडे बघत नाही. तेव्हा हेलीचा उडाला की ते उत्तर देतंय.

हा विचार तिने गिळला. तिला तो मूर्खपणाचा वाटला. पण हेलीला तिने एवढं सांगितलं, “तिसऱ्या दालनात जाऊ नकोस. दुसऱ्यात काढ उरलेले.”

“का?”

“मला कारण सापडलेलं नाही म्हणून.”

हेलीने खुर्ची मागे सारली. “सापडलंय तुला. कान फुटल्यापासून पाण्याखाली जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीत तुला खोट दिसते. पेटीत नाही दिसली तर सावलीत दिसते.”

“हेली—”

“शनिवारी शेवटचं उतरतोय. पाच फोटो राहिलेत. नंतर शाळा सुरू, नंतर बर्फ कच्चा होतो. तुला भीती वाटते ना, मग ये बर्फावर. वर बसून बघ. कॉफी तरी आणशील.”

ती जे बोलली त्यातलं कानाचं खरंच होतं. दारापाशी हेलीचा राग उतरला, तिने येऊन बहिणीच्या खांद्यावर हनुवटी ठेवली आणि गेली.

४

शनिवारी आभाळ भरलेलं होतं. पांढऱ्या खाणतळ्यावर इल्पोने करवतीने त्रिकोणी भोक पाडलं आणि भोकापासून चारी दिशांनी बर्फावरचं भुसभुशीत हिम झाडून लांब पट्टे केले. पाण्याखालून हे पट्टे सूर्याच्या किरणांसारखे दिसतात आणि वाट चुकलेल्याला भोकाकडे आणतात. भोकापासून दहा पावलांवर मेर्वीसाठी त्याने मासेमाऱ्याचा काळा तंबू उभा केला. तंबूला जमीन नव्हती. खालचं हिम झाडून टाकलं की आत काळोख आणि पायाखाली बर्फाची स्वच्छ काच.

मेर्वीने दुकानातला एक जुना फ्लॅश आणला होता. त्याचा डोळा उघडा होता. तंबूतल्या बर्फाला बोराएवढं नव्हे, चांगलं कपाएवढं छिद्र पाडून ती तो दोरीवर आठ मीटर खाली सोडणार होती.

“हे कशाला?” हेलीने सूटची मान ओढत विचारलं.

“खाणीचं तोंड बारा मीटरवर आहे. तुम्ही आत गेल्यावर तुझा उजेड बाहेर पोचत नाही. तू बाहेर फोटो काढायचा नाहीस. मग माझा फ्लॅश उडायला नको. नाही उडाला की मी घरी जाऊन झोपेन.”

“आणि उडाला तर?”

“तर नवीन घेऊन देईन,” मेर्वी म्हणाली. इल्पो हसला. त्या दिवसभरात तो तेवढाच हसला.

हेलीच्या कॅमेऱ्याचं घड्याळ तिने आदल्या दिवशी आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी सेकंदापर्यंत जुळवलं होतं. बारा वाजून पाच मिनिटांनी दोघं भोकातून खाली गेले. बुडबुडे बर्फाखाली पसरले, पाऱ्यासारखे सरकले, थांबले. मेर्वी तंबूत शिरली, चेन लावली, पोटावर पालथी झाली आणि जाड लाल हातमोज्यांचे दोन्ही तळवे चेहऱ्याच्या बाजूंना लावून बर्फात बघू लागली.

हिरवट काळोख. दोरी खाली जात जात दिसेनाशी झालेली. आपल्याच श्वासाची वाफ. तंबूचं कापड वाऱ्याने मध्येच फुगून बसत होतं, आणि दर वेळी मेर्वीला वाटत होतं, कुणीतरी बाहेरून टेकलं. तिने दोनदा चेन उघडून पाहिलं. कोरा बर्फ, पट्टे, इल्पोची घमेल्याएवढी पावलं.

बारा सव्वीसला खालून पांढरा उजेड आला आणि गेला. तिचा फ्लॅश उडाला होता.

तिने वहीत लिहिलं : १२.२६, पहिला. अक्षर नीट होतं. गारठ्याने भरलेली वीज सुटते कधी कधी, तिने स्वतःला समजावलं.

१२.२८, दुसरा. या वेळी ती बघत होती. फ्लॅश उडण्याच्या आधी, खाणीच्या तोंडाच्या बाजूला, फार खोल, एक बारीक चमक झाली. दूरच्या खिडकीत कुणी काडी ओढावी तेवढी. तिला उत्तर म्हणून तिचा फ्लॅश उडाला.

१२.३०. चमक थोडी वर.

हेलीने शब्द मोडला असेल. इल्पोची टॉर्च असेल, पुढून हात गेला असेल. ती एकामागून एक कारण लावून बघत होती आणि प्रत्येक कारण ओल्या टिपकागदासारखं हातात फाटत होतं. टॉर्चने हा फ्लॅश उडत नाही. तिने स्वतः पाहिलं होतं.

१२.३३. चमक आता मोठी होती, आणि खाणीच्या तोंडाबाहेर. भोक आणि खाणीचं तोंड यांच्या बरोबर मधे. हेली पावणेएकला तिथूनच बाहेर येणार होती.

तेव्हा मेर्वीला कळलं की आपण इथे पहारा करत नव्हतो. आपण बोलावत होतो.

५

दिवा वर ओढून घेतला तर ते कुठे जाईल? जिथून आलं तिथे. हेलीकडे. दिवा खालीच ठेवला तर ते इथेच राहील, बहिणीच्या वाटेत. आत गेलेल्या माणसांना वरून हाक मारायची काही सोय नव्हती. खाणीत अंगाला दोरी बांधून जात नाहीत, ती खांबांत अडकते.

तळ्याच्या पलीकडच्या काठाला मासेमाऱ्यांची जुनी भोकं होती, साठ-सत्तर पावलांवर, वरून पापुद्रा धरलेली. मेर्वीने दोरी हातावर गुंडाळत फ्लॅश वर ओढला आणि तंबूची चेन उघडून धावत सुटली. बर्फावर धावायचं नसतं. ती दोनदा पडली. काठाशी पोचून टाचेने पापुद्रा फोडला आणि फ्लॅश पुन्हा पाण्यात सोडला. आठ मीटर. मग दहा.

काहीच झालं नाही.

१२.३८. ती भोकावर ओणवी झाली, कोटाने उजेड अडवला आणि बघत राहिली. कानशिलात रक्त ठोकत होतं. फाटलेल्या कानातही तो आवाज येत होता, हे तिला नवीन होतं. ये, ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. आयुष्यात मेर्वीने कुत्र्यालासुद्धा इतक्या गोड आवाजात बोलावलं नसेल. ये, इकडे ये.

१२.४१ला दोरी हातात किंचित सैल झाली. खालून कुणी फ्लॅश अलगद उचलून धरावा तशी. आणि मग बर्फाखाली तिच्या गुडघ्यांपासून पाच-सहा मीटरवर एक राखाडी उजेड फुलला, हिमाच्या थराखालून, दुधात दिवा लावल्यासारखा. तिचा फ्लॅश लगेच उडाला.

आलं होतं.

ती हलली नाही. दर दीड-दोन मिनिटांनी उजेड फुलत होता. कधी डावीकडे, कधी मागे. एकदा थेट तिच्या खाली. ती वेळ लिहीत होती, कारण न लिहिता बसणं शक्य नव्हतं. १२.४३. १२.४५. १२.४७ला लागोपाठ दोनदा. त्या वेळी दोरीला एक झटका बसला. जोराचा नव्हे. दाराची कडी लागलीय का बघावं तेवढा.

मग काही नाही. १२.४९ला नाही. १२.५१ला नाही.

“ए! तिकडे काय करतेस?”

त्रिकोणी भोकात हेलीचं डोकं होतं, काळं, चकचकीत. तिच्याशेजारी इल्पोचं आलं. मेर्वीने दोरी ओढली. फ्लॅश वर आला तेव्हा नेहमीसारखाच होता. ओला आणि गार.

परत येताना तंबूजवळ तिचं पाऊल अडखळलं. तंबूची चेन लावलेली होती. तिला आठवेना, निघताना आपण ती लावली होती का.

६

तीन वाजता दुकानात मेर्वीने कॅमेऱ्याची पेटी पुसली, उघडली आणि कार्ड काढलं. हेली केस पुसत राईचा पाव खात होती. इल्पो गाडीत सामान भरून घरी गेला होता.

तिसऱ्या दालनातले फोटो स्वच्छ होते. शिडीला एकच सावली. पंचवीसच्या पंचवीस फोटोंत एकच.

“बघ,” हेली म्हणाली. “मी टोमणा मारणार नाही. पण बघ.”

“बघितलं.” मेर्वीचे खांदे सकाळपासून पहिल्यांदा खाली आले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पेटी पुसायच्या फडक्याने टिपलं.

“आणि रागावू नकोस, एक बाहेर काढला. वर येताना पाच मीटरवर थांबलो होतो, तेव्हा वर बघितलं तर इतकं सुंदर दिसत होतं! तू काढू नको म्हणाली होतीस. पण हा सगळ्यांत भारी आलाय.”

खालून टिपलेला बर्फ. दुधी हिरवा, त्यात झाडलेले पट्टे किरणांसारखे पसरलेले, मधे भोकाचा लखलखीत त्रिकोण. बाजूला तंबूचा काळा चौकोन. हेलीच्या फ्लॅशचा उजेड त्या चौकोनातल्या स्वच्छ काचेवर पडला होता आणि काचेला वरून कुणीतरी चेहरा लावून खाली बघत होतं. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन तळवे बर्फावर सपाट दाबलेले. दहाही बोटं फाकलेली.

“हातमोजे काढून बसली होतीस, वेडी? कातडी चिकटून राहिली असती.”

फोटोच्या कोपऱ्यात वेळ होती : १२.४७.२०. वही मेर्वीच्या खिशात होती. ती काढायची गरज नव्हती.

तिने फोटो मोठा केला. तळवे पांढरे होते, चुन्यासारखे, आणि बर्फ त्यांच्याभोवती धुरकटला नव्हता. तळव्यांच्या मधे सगळं काळं. फक्त काळ्याच्या मधोमध एक बारीक पांढरा ठिपका, नुकता पेटू लागलेला. काचेवरून उलटलेला फ्लॅश असेल, तिचं डोकं सवयीने म्हणालं. पुढे ते काही म्हणालं नाही.

“तूच आहेस ना?” हेलीने हसत विचारलं. तिचा हात बहिणीच्या पाठीवर होता, उबदार, जड.

“हो,” मेर्वी म्हणाली. “मीच.”

७

एप्रिलमध्ये वाचनालयात प्रदर्शन भरलं. हेलीने तो फोटो सगळ्यांत मोठा करून दारासमोर लावला होता. खाली पाटीवर एकच शब्द होता : बहीण. लोक कॉफीचे कप घेऊन त्याच्यापुढे थांबत होते. एका म्हाताऱ्या बाईने मेर्वीचा दंड धरून म्हटलं, “असं कुणीतरी वर बसून बघणारं पाहिजे बाई, प्रत्येकाला.” मेर्वीने मान हलवली. ती फोटोकडे पाठ करून उभी होती.

इल्पो शेजारी येऊन उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, हातात कप. बराच वेळ तो फोटो बघत होता.

“हा काढला तेव्हा मी तिच्या बाजूला होतो,” तो हळूच म्हणाला. “तुझा दिवा पलीकडच्या काठाला लुकलुकत होता. मी पाहिला.”

मेर्वीने श्वास सोडला. दोन आठवड्यांत तिने तो नीट सोडलाच नव्हता.

“तिला सांगितलंस?” तिने विचारलं.

“नाही. तू?”

खोलीच्या टोकाला हेली तिच्या विद्यार्थ्यांच्या घोळक्यात होती. जूनमध्ये चौथं दालन, ती त्यांना सांगत होती, हातवारे करून.

“जूनमध्ये माझा गुडघा दुखणार आहे,” इल्पो म्हणाला. “चांगलाच दुखणार आहे. खाणीत एकटं उतरत नाहीत, आणि माझ्याशिवाय तिच्याबरोबर उतरणारा या गावात दुसरा कुणी नाही.”

“ती चिडेल तुझ्यावर.”

“चिडू दे.”

मेर्वीने त्याच्या हाताला हात लावला. एवढं तरी झालं होतं. मग तिला तंबूची आठवण झाली. ती विचारणार नव्हती, पण तोंडातून गेलंच. “तंबू वाळवलास का? ओलाच गुंडाळला होतास.”

इल्पोने एकदा हेलीकडे बघून घेतलं. “नाही. गाडीतच आहे. त्या दिवशी उचलला तेव्हा नेल्यापेक्षा जड लागला. ओला असेल म्हणून टाकला मागे.” त्याने कपातली उरलेली कॉफी बघितली. “नंतर उघडला नाही.”

“नकोच उघडूस.” तिने काचेच्या दारातून बाहेर पाहिलं. बाहेर ऊन होतं, वितळलेलं पाणी रस्त्याच्या कडेने वाहत होतं, आणि ओळीने गाड्या उभ्या होत्या. इल्पोची त्यांत दिसेना. “गाडी कुठेय?”

“घराशी. कुलूप लावून.” इल्पोने कप खिडकीत ठेवला आणि कोटाची बटणं लावली. “मी हल्ली बसने फिरतो.”